अर्ज चालतो, सवाल चालत नाही

ताश्कंदच्या विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच आमच्यातल्या मुलांनी एक खेळ सुरू केला. दुकानांवरच्या पाट्या वाचायच्या आणि ओळखीचा शब्द सापडला की ओरडायचे. उझबेक भाषा आता रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे वाचणे जमत होते. आपल्या 'आ'चा तिकडे बहुतेक वेळा 'ओ' होतो, एवढे ध्यानात आले की निम्मी पाटी उलगडते. बाजारचा बोझोर, किताबचे कितोब, मेहमानचा मेहमोन. शाळेला मकतब म्हणतात. आभार मानायचे तर 'रहमत' म्हणतात. मोठ्या बहिणीला 'ओपा', म्हणजे आपली आपा. आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. आम्हाला हा खेळ मुलांपेक्षा जास्त आवडला.

आठ दिवसांनी परत निघालो तेव्हा त्या खेळातले दोन शब्द मात्र मनात अडकून बसले होते: 'अरिझा' आणि 'सवोल'. अर्ज आणि सवाल. हा लेख त्या दोन शब्दांविषयी आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन शिक्षक कुटुंबे उझबेकिस्तानला गेलो. इरादा एकच होता. ज्यांच्या हदीससंग्रहाचे नाव लहानपणापासून ऐकत आलो, त्या इमाम बुखारी (रह.) यांच्या कबरीची जियारत करायची. जाता जाता ताश्कंद आणि समरकंद पाहायचे. ताश्कंदचे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने घरोघरी माहीत आहे. 1966 च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींनी इथे पाकिस्तानशी करार केला आणि त्याच रात्री इथेच त्यांचे निधन झाले. त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाणही होते. शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा या शहरात आजही आहे.

आमचा गाईड तिशीतला तरुण होता. ताश्कंदमध्ये प्राच्यविद्येच्या संस्थेत हिंदी आणि उर्दू शिकवली जाते, तिथे तो उर्दू शिकला होता. आमच्यातल्या पुरुषांना तो 'उस्ताद' म्हणे आणि बायकांना 'आपा'. त्याचे नाव, गाव आणि चेहरामोहरा आम्ही या लेखात सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

आरसा छापणारे मास्तर

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला टीव्ही टॉवरजवळच्या एका बागेत नेले. बोझसुव नावाच्या कालव्याच्या काठी एक निळ्या घुमटाची छत्री आहे, जवळच एक संग्रहालय. या जागेचे नाव 'शहीदलार खोतिरासी', शहिदांची आठवण. सोव्हिएत काळात, विशेषतः 1937-38 मध्ये, माणसांना मारून इथे पुरले गेले. 2000 मध्ये स्मारक झाले आणि 2002 मध्ये संग्रहालय. दरवर्षी 31 ऑगस्टला या बळींची आठवण काढली जाते.

संग्रहालयातली छायाचित्रे पाहताना आम्ही थबकलो. यातले कितीतरी जण आमच्या पेशाचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानात 'जदीद' नावाची चळवळ झाली. जदीद म्हणजे नवा. मकतबात मुले नुसते पाठ करतात, त्यांनी समजून वाचावे, हिशेब शिकावा, भूगोल शिकावा, मुलींनीही शिकावे, असे म्हणणारी ही माणसे. त्यांनी नव्या पद्धतीच्या शाळा काढल्या, पाठ्यपुस्तके लिहिली, नाटके लिहिली, वर्तमानपत्रे चालवली. समरकंदचे महमूदखोजा बेहबूदी हे त्यातले एक. ते मुफ्ती होते, शिक्षक होते आणि संपादकही. 1913 मध्ये त्यांनी एक नियतकालिक सुरू केले. त्याचे नाव 'ओयिना'.

"आईना!" आमची धाकटी ओरडली. खेळात तिला एक गुण मिळाला.

समाजाला त्याचा चेहरा दाखवावा म्हणून आरसा. मोमिनाला मोमिनाचा आरसा ठरवणारी हदीस आपल्याला ठाऊक आहेच. पण आरसा धरणाऱ्याचे काय होते? बेहबूदींना 1919 मध्ये कर्शी शहरात बुखाराच्या अमीराच्या माणसांनी ठार केले. त्यांच्यानंतरचे तीन मोठे लेखक म्हणजे अब्दुर्रऊफ फितरत, कवी चोलपान आणि कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी. या तिघांना सोव्हिएत सरकारने 4 ऑक्टोबर 1938 रोजी गोळ्या घातल्या. म्हणजे आधी अमीर, मग कम्युनिस्ट. दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते, पण आरसा फोडण्याबाबत एकमत होते.

आज याच लेखकांची नावे सन्मानाने घेतली जातात. सरकार त्यांचे गौरवग्रंथ काढते. संग्रहालयाच्या भिंतीवरची कथा झारपासून निघते, स्टालिनच्या काळातून जाते आणि 1991 च्या स्वातंत्र्यापाशी येऊन सुखान्त होते. पुढचे दालन प्रगतीचे.

आमच्यातल्या एकाने गाईडला सहज विचारले, "आणि 1991 नंतर जे तुरुंगात गेले, त्यांचे फोटो कुठे आहेत?"

तो हसला. मग म्हणाला, "उस्ताद, बाहेर थंडी वाढतेय. चहा घेऊ या."

पांढरे सोने

चहा जिथे घ्यावा तिथे एकच नक्षी दिसते. गडद निळ्या किटलीवर आणि पियाल्यावर पांढरी, सोनेरी काठाची कापसाची बोंडे. घरात, चायखान्यात, लग्नात, सगळीकडे तीच. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. आमच्या शाळेतली निम्मी मुले वेचणीच्या दिवसांत उशिरा येतात. आम्ही कौतुकाने म्हणालो, "आमच्याकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात." गाईड म्हणाला, "आमच्याकडेही. अगदी तेच."

समरकंदला जाणारी अफ्रोसियोब नावाची वेगवान गाडी दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. खिडकीबाहेर काही ठिकाणी वेचून झालेली कापसाची शेते दिसत होती. आमच्यासमोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पिशवीत गोल नान. त्यांनी नान मोडून आधी मुलांना दिला आणि मगच आम्ही कोण, कुठले ते विचारले. गाईडने सांगितले की आम्ही शिक्षक आहोत. बाईंचा चेहरा उजळला. त्याही शिक्षिका होत्या, आता निवृत्त. आम्ही त्यांना आपा म्हणू लागलो.

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवले आणि आपल्या हाताची बोटे पुढे केली. मग गाईडच्या तोंडून आम्हाला जे कळले ते असे. सप्टेंबर उजाडला की शाळेला हुकूम येई. फळ्यावरचे अक्षर तसेच ठेवून शिक्षकांनी शेतावर जायचे, आठवडेच्या आठवडे. दवाखान्यातल्या नर्सबाई, कॉलेजची मुले, सगळ्यांनी जायचे. पूर्वी शाळेतली लहान मुलेही जात. ठरवून दिलेले किलो भरले नाहीत तर मुख्याध्यापकांची बोलणी आणि पगाराची कापणी. जमत नसेल तर आपल्या जागी पदरचे पैसे देऊन माणूस पाठवायचा.

"तुम्ही कधी विचारले नाही, शिक्षकाने कापूस का वेचायचा म्हणून?" आमच्यातल्या एका बाईंनी विचारले.

आपा म्हणाल्या, "अर्ज दिला होता. कंबर दुखते, यंदा सूट द्या, असा. दोन वर्षे सूट मिळाली." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "का, असे नाही विचारले. ते विचारायचे नसते."

आपांच्या अनुभवाला आधार नाही असे कोणी म्हणू नये. हा सारा इतिहास जगजाहीर आहे. सरकारने कापसाचे लक्ष्य ठरवायचे, जिल्हाधिकाऱ्याने ते पुरे करून दाखवायचे आणि त्यासाठी लाखो माणसे शेतात हाकलायची, हा सोव्हिएत काळापासूनचा रिवाज स्वातंत्र्यानंतरही पाव शतक चालला. तो थांबला कसा, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. येलेना उरलायेवा नावाच्या एक कार्यकर्त्या आणि त्यांच्यासारखे मोजके लोक शेतावर जाऊन शिक्षकांचे, डॉक्टरांचे, मुलांचे फोटो काढत आणि जगाला पाठवत. उरलायेवांना त्यासाठी पुन्हा पुन्हा पकडले गेले, सक्तीने मनोरुग्णालयातही ठेवले गेले. पण फोटो पोहोचले. जगभरातल्या तीनशेहून अधिक कपडा कंपन्यांनी उझबेक कापूस वापरणार नाही असे लिहून दिले. 2017 च्या सप्टेंबरात सरकारने शिक्षक, विद्यार्थी आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना शेतातून माघारी बोलावले. 2021 च्या हंगामात सरकारी सक्तीची पद्धत संपल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने दिला आणि मार्च 2022 मध्ये बहिष्कार उठला.

म्हणजे आपांच्या अर्जाने आपांना दोन वर्षे सूट मिळाली. दुसऱ्या कोणी तरी विचारलेल्या 'का'ने सगळ्यांच्या पाठीवरचे ओझे उतरले. ज्यांनी विचारले त्यांनी मार खाल्ला. ज्यांना दिलासा मिळाला त्यांतल्या बहुतेकांना त्यांची नावेही माहीत नाहीत.

समरकंद आले. उतरताना आपांनी आमच्या हातात उरलेला नान दिला आणि म्हणाल्या, "इमाम बुखारींकडे जाताय. माझ्यासाठीही दुआ करा. पण हे लिहायचे असेल तर माझे नाव आणि गाव लिहू नका." आम्ही विचारले, "आता तर सगळे बदलले ना?" त्या म्हणाल्या, "बदलले. तरीही लिहू नका."

खल्क कबूलखोना

बदलले हे खरे आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. इस्लाम करीमोव यांनी स्वातंत्र्याच्या आधीपासून ते सप्टेंबर 2016 मध्ये मृत्यू होईपर्यंत या देशावर एकहाती राज्य केले. त्यांच्यानंतर आलेले शवकत मिर्झियोयेव यांनी बरीच कुलपे उघडली. मुहम्मद बेकजानोव नावाचे संपादक 1999 पासून तुरुंगात होते. ते जवळजवळ अठरा वर्षांनी, 2017 मध्ये सुटले. वाळवंटातला जस्लिकचा बदनाम तुरुंग 2019 मध्ये बंद झाला. सरकारने जनतेची सेवा करायची, जनतेने सरकारची नव्हे, असे नवे राष्ट्राध्यक्ष जाहीरपणे सांगू लागले. 2017 हे वर्ष जनतेशी संवादाचे वर्ष म्हणून साजरे झाले. आणि गावोगावी एक नवे कार्यालय निघाले, 'खल्क कबूलखोनासी'. खल्क म्हणजे लोक, कबूलखोना म्हणजे भेटीची जागा. लोकांनी यायचे, अरिझा द्यायचा. घरी बसूनही देता येतो. लाखो लोकांनी दिले.

समरकंदमध्ये असे एक कार्यालय आम्ही बाहेरून पाहिले. स्वच्छ इमारत, रांगेत बसलेली माणसे, हातात कागद. गाईड अभिमानाने म्हणाला, "आमच्या गल्लीत हिवाळ्यात गॅस येत नव्हता. आईने अरिझा दिला. वीस दिवसांत माणूस आला." आम्हालाही कौतुक वाटले. आपल्याकडे एखाद्या अर्जाचे उत्तर वीस दिवसांत आले तर आपण तो कागद फ्रेम करून लावू.

मग आमच्यातल्या एकाने विचारले, "आणि गॅस का येत नव्हता? पैसा कुठे जातो? हे कोणी विचारले का?"

गाईड चालत राहिला. काही पावलांनंतर हळूच म्हणाला, "उस्ताद, ती अरिझा नाही, तो सवोल झाला."

या फरकाची किंमत काय असते ते आम्ही निघण्यापूर्वी वाचले होते. दक्षिणेकडच्या सुर्खानदर्या भागात ओताबेक सत्तोरी नावाचा एक तरुण स्वतःचे वृत्तवाहिनीसारखे पान चालवत असे. नाव 'खल्क फिक्री', लोकांचे मत. बाजार का पाडला, गॅस का नाही, दर का वाढले, हे तो कॅमेरा घेऊन अधिकाऱ्यांनाच विचारी. एकदा बाजारात झटापट होऊन त्याचा फोन फुटला, आणि बाजाराच्या प्रमुखाने त्याला नवा फोन घेऊन दिला. पुढे खटल्यात तोच फोन खंडणी ठरला. खंडणी आणि बदनामीच्या आरोपांखाली मे 2021 मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. 2024 मध्ये तो मुदतीआधी सुटला. त्याच 2021 साली कायद्यात आणखी एक तरतूद आली. राष्ट्राध्यक्षांचा जाहीर अपमान हा आधीपासून गुन्हा होताच. आता तो इंटरनेटवर केला तरी पाच वर्षांपर्यंत कैद. आणि एखादे वाक्य टीका आहे की अपमान, हे ठरवणारे कोण? ज्यांच्यावर टीका झाली तेच.

धर्माच्या बाबतीतही असेच. समरकंदच्या मशिदींत नमाजी भरपूर होते, बाजारात रुमाल बांधलेल्या मुली मोकळेपणाने फिरत होत्या. करीमोव यांच्या काळात यातल्या कितीतरी गोष्टी संशयाला कारण होत. पण जानेवारी 2022 मध्ये ताश्कंदच्या एका धर्मशील लेखकाला, फोजिलखोजा ओरिफखोजायेव यांना, साडेसात वर्षांची शिक्षा सुनावली गेली. गुन्हा काय, तर समाजमाध्यमावरचे लिखाण. नमाजची मुभा आहे. सरकारमान्य आलिमाशी जाहीर वाद घालायची नाही.

याहून मोठे दोन सवाल अजून उत्तराविना आहेत. बाबर ज्या अंदिजानला जन्मला, तिथे 13 मे 2005 रोजी त्याच्याच नावाच्या चौकात हजारो लोक जमले होते. आदल्या रात्री काही सशस्त्र लोकांनी तुरुंग फोडून खटल्यातल्या व्यापाऱ्यांना सोडवले होते, हे खरे. पण चौकात जमलेल्यांत बहुसंख्य निःशस्त्र होते, बायका-मुले होती. लष्कराने गोळीबार केला. सरकार म्हणाले 187 मेले. वाचलेले लोक आणि मानवी हक्क संघटना शेकडोंचा आकडा सांगतात. स्वतंत्र चौकशी आजवर झाली नाही. दुसरा सवाल जुलै 2022 चा. काराकल्पाकस्तान या स्वायत्त प्रांताचे अधिकार काढून घेणारी घटनादुरुस्ती येणार म्हणून नुकुस शहरात लोक रस्त्यावर आले. राष्ट्राध्यक्ष तिथे गेले आणि ती दुरुस्ती मागे घेतली. म्हणजे लोकांचे म्हणणे बरोबर होते हे मान्य झाले. तरी सरकारी आकड्यानुसारच 21 जण मेले, आणि विरोधाचा आवाज ठरलेले वकील-पत्रकार दौलतमुरात ताजिमुरातोव यांना जानेवारी 2023 मध्ये 16 वर्षांची शिक्षा झाली. मागणी कबूल, मागणारा कैदेत.

दोन कबरी

समरकंदमध्ये सियोब बाजाराच्या वर एका टेकडीवर हजरत खिज्र यांच्या नावाची सुंदर मशीद आहे. लाकडी खांबांवरचे कोरीवकाम पाहत राहावे असे. तिच्याच आवारात संगमरवरी मकबऱ्यात इस्लाम करीमोव यांची कबर आहे. ते समरकंदचेच. बाकांवर लोक बसले होते, एक कारी तिलावत करत होते, म्हाताऱ्या बायका हात उठवून दुआ मागत होत्या. आम्हीही हात उठवले. गेलेल्या माणसाचा हिशेब अल्लाहकडे असतो.

पण हात उठवलेले असतानाच आमच्या मनात एक दुसरी आई आली, फातिमा मुखादिरोवा. तिचा मुलगा मुजफ्फर अवाझोव धार्मिक संघटनेच्या आरोपावरून जस्लिकच्या तुरुंगात होता. 2002 च्या ऑगस्टमध्ये त्याची मय्यत घरी आली ती भाजलेल्या जखमांनी भरलेली. आईने फोटो काढले आणि विचारले, माझ्या मुलाला काय झाले? परदेशातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी फोटो पाहून सांगितले की अशा जखमा उकळत्या पाण्यात बुडवल्याने होतात. 2004 मध्ये साठी ओलांडलेल्या त्या आईलाच सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली. जगभर आरडाओरड झाली तेव्हा दंडावर सुटका झाली. त्या आईने पेन्शन मागितली असती तर कदाचित मिळाली असती. तिने उत्तर मागितले.

दुसरी कबर शहरापासून 25 किलोमीटरवर, खरतंग गावात. तिसऱ्या हिजरी शतकात इमाम बुखारी (रह.) हजारो मैलांचा प्रवास करून आपल्या गावी, बुखाराला परतले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. बुखाराचा हाकिम खालिद बिन अहमद याने निरोप पाठवला की आपल्या किताबा घेऊन महालात या आणि आम्हाला ऐकवा. इमामांनी कळवले की इल्म कोणाच्या दारात नेऊन ते हलके करणार नाही, गरज असेल त्याने मशिदीत यावे. मग हाकिमाने म्हटले, निदान माझ्या मुलांसाठी वेगळा दर्स ठेवा, त्यात इतर कोणी नको. तेही इमामांनी नाकारले. इल्म सगळ्यांसाठी आहे. मग त्यांच्या अकीद्याविषयी शंका उठवणारे लोक पुढे झाले आणि इमामांना बुखारा सोडावे लागले. समरकंदच्या वाटेवर खरतंगला नातलगांकडे ते थांबले आणि हिजरी 256, म्हणजे इसवी 870 मध्ये, ईदुल-फित्रच्या रात्री तिथेच इंतकाल झाला.

म्हणजे आम्ही ज्या कबरीपुढे उभे होतो ती इथे आहे याचे कारणच हे आहे. हाकिमाला 'नाही' म्हटले म्हणून ती बुखाराऐवजी खरतंगला आहे.

1998 मध्ये करीमोव सरकारने मोठ्या सोहळ्यात इथे भव्य मकबरा बांधला. आणि त्याच 1998 च्या मे महिन्यात धर्मविषयक कडक कायदा केला, ज्यात नोंदणीवाचून धर्म शिकवणे गुन्हा ठरले. आम्ही गाईडला हे बोललो नाही. त्याला अडचणीत टाकायचे नव्हते. पण त्या आवारात आम्हाला वाटले, परवान्याशिवाय मशिदीत बसून कोणालाही शिकवणारा तो शिक्षक 1998 मध्ये आला असता तर त्याचे काय झाले असते? मेलेल्या आलिमाला घुमट बांधणे सोपे आहे, कारण तो आता काही विचारत नाही. जदीद लेखकांनाही आज मान आहे तो याच कारणाने.

आपल्या इतिहासातला तो किस्सा आठवला. हजरत उमर (रजि.) खुत्बा द्यायला उभे राहिले. कापडाचे वाटप झाले होते, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक तुकडा. खलिफांच्या अंगावर मात्र दोन तुकड्यांचे वस्त्र. गर्दीतून सवाल आला, हे कुठून आले? आधी सांगा, मग ऐकू. खलिफांनी विचारणाऱ्याचे नाव-गाव विचारले नाही, त्याचा हेतू काढला नाही. मुलाला उभे केले, मुलाने सांगितले की माझा वाटा मी वडिलांना दिला. उत्तर मिळाले, खुत्बा पुढे सुरू झाला. हा किस्सा आपण मुलांना खलिफांच्या साधेपणासाठी सांगतो. खरे तर तो विचारणाऱ्यासाठीही सांगायला हवा. तो माणूस त्या दिवशी घरी सुखरूप गेला.

आम्ही आपांसाठी दुआ केली, नाव न घेता. फातिमाबाईंसाठी केली. गाईडसाठी केली. तो जरा दूर उभा होता, हात उठवून, डोळे मिटून. त्याने काय मागितले ते आम्ही विचारले नाही.

घरी आल्यावर वाटले होते, हा सगळा दूरदेशीचा मामला. पण तसे राहिले नाही. सगळ्या शाळांप्रमाणे आमच्या शाळेतही तक्रारपेटी आहे. एरवी तिच्यात निघते ते ठरलेले: नळाला पाणी नाही, पंखा बंद आहे, अमका बाकावर बसू देत नाही. म्हणजे अरिझा. आम्ही त्या सोडवतोही. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पेटी उघडली तर एक चिठ्ठी निघाली. 'सहलीचे उरलेले पैसे कुठे गेले?' खाली नाव नाही.

खरे सांगायचे तर आमची पहिली प्रतिक्रिया रागाची होती. पैशांत खोट नव्हती, पण हिशेब कोणी दाखवलाच नव्हता. आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला लाज वाटते, ती ही की आमच्यापैकी दोघे जण चिठ्ठी उजेडात धरून अक्षर कोणाचे ते ओळखू लागलो. शिक्षकाला ते अवघड नसते. नाव जवळजवळ ओठांवर आले होते. तेवढ्यात आमच्यातले तिसरे म्हणाले, "आपा काय म्हणाल्या होत्या? नाव लिहू नका."

चिठ्ठी घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर हिशेब मांडला: बसचे भाडे, जेवण, तिकिटे, उरले 1,140 रुपये, ते कपाटात आहेत, त्याचे काय करायचे ते तुम्ही सांगा. मुलांनी वाचनालयासाठी पुस्तके घ्यायचे ठरवले. चिठ्ठी कोणी लिहिली, ते आम्हाला माहीत नाही. आम्ही माहीत करून घेतले नाही.